भाषणाऐवजी गाऱ्हाणं

आमच्या कॉलेजात ‘भाषणकलेची तोंडओळख’ हा विषय पहिल्याच वर्षी घ्यायचा असतो. मी तो शेवटपर्यंत पुढे ढकलत आणला. बाकी सगळे विषय सुटले, आता हा एक सुटला की मी पदवीधर, नाहीतर नाही. तर असे आमचे पांढरे केस पहिल्या वर्षाच्या पोरांत जाऊन बसले.

घरी आमचे हे म्हणाले, “घरात तुझं तोंड मिटत नाही, आणि तिथं बोलायला शिकायला जातेस?”

त्यांना काय सांगू! ओट्यावर बसून बोलणं वेगळं आणि पोडियमपाशी उभं राहणं वेगळं. परीक्षेचा माझा विषय होता ‘ग्रामीण वाहतुकीच्या समस्या’. पाठ अगदी चोख केला होता. पण माझी पाळी आली, पुढे गेले, “आदरणीय टीचर” म्हटलं आणि बाकीचं सगळं कुठे गेलं कोण जाणे. पोरं कुजबुजायला लागली.

“उलय मगो आजी!” बोल म्हणून मागच्या बाकावरून एक पोरगी ओरडली.

मी डोळे गच्च मिटले, हात जोडले. आणि पेडण्यातल्या आमच्या देवळात सासरे जत्रेला सगळ्या गावासाठी देवाला जे गाऱ्हाणं घालायचे ना, तेच तोंडातून बाहेर पडलं. आम्ही बायका ते नेहमी मागे उभ्या राहून ऐकायचो. पुढे होऊन घालायची पाळी कधी आलीच नव्हती.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” अख्खा वर्ग. कुणाला सांगावं लागलं नाही, सगळी इथलीच पोरं!

“ह्या लेकरांची सकाळची बस वेळार येवंदे!”

“व्हय म्हाराजा!”

“म्हापशाच्या स्टँडार ड्रायव्हर चाय पिवक उतरलो, तर तो परत येवंदे!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि गुण देताना आमच्या टीचरचो हात आखडूक नको रे म्हाराजा!”

ह्या वेळची “व्हय” एवढी मोठी झाली की शेजारच्या वर्गातले सर दार उघडून बघायला आले.

मी डोळे उघडले. टीचर साखळी गावची, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. पदर तोंडाला लावून हसत होती. मग सावरून म्हणाली, “आजी, समस्या सगळ्या आल्या. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. पण श्रोत्यांच्या नजरेला नजर द्यायची असते, तुम्ही तर डोळेच मिटलेत. त्याचे गुण कापावे लागतील.”

“काप गे बाय,” मी म्हटलं, “पण पास काय?”

“पास.”

मी पोडियमच्या पायरीवरच टेकले. टीचरने पुढचं नाव पुकारलं. ‘झाडांचे महत्त्व’ घेऊन आलेला मुलगा जागचा हलेना. म्हणाला, “टीचर, गाऱ्हाण्यानंतर कोण बोलतलो? मी उद्यां बोलतां.”