गोळी लागू पडेपर्यंतचे सहा आठवडे

आजारपणाचे किस्से पेशंटनेच सांगावेत, नाहीतर दुसरे ते रडून सांगतात. माझ्याकडे सहा आठवड्यांत बरेच साठलेत. ऑफिसात आमचं डब्याचं टेबल तिघांचं. मी नागपूरची, टेस्टर. केदार पुण्याचा, डेव्हलपर, म्हणजे मी ज्याच्या चुका काढते तो. आणि ॲडमिनच्या वसुधा अक्का. घरचं मराठी, पण जन्म इथल्याच चामराजपेटेतला, त्यामुळे बोलण्यात कानडी मिसळतं.

सुरुवात मेट्रोत झाली. ऑफिसला येताना एकदम छाती धडधडायला लागली, हातांना मुंग्या, आता आपण मरतोय असं वाटलं. मग हे परत परत व्हायला लागलं. दर वेळी कॅज्युअल्टी, दर वेळी ईसीजी नॉर्मल. चौथ्यांदा गेले तर दारावरचा वॉचमन म्हणाला, "बन्नी, या मॅडम. ईसीजी?"

मेट्रो मी बंदच केली. बसवनगुडीच्या घरापासून एचएसआरच्या ऑफिसपर्यंत रोज ऑटो, तोही जीव मुठीत धरून. राजीनामा लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला होता. गाडीत बसवत नाही म्हणून नोकरी सोडून नागपूरला परतायचं, या विचाराने मला फार रडू यायचं.

*

शेवटी मानसोपचाराच्या डॉक्टर बाईंकडे गेले. त्या मूळच्या मिरजेच्या निघाल्या. "हृदय ठणठणीत आहे. हा पॅनिक डिसऑर्डर. आठवडाभर अर्धी गोळी, मग पूर्ण. फरक पडायला चार ते सहा आठवडे लागतात. आणि पहिले काही दिवस धाकधूक वाढूही शकते."

"म्हणजे घाबरू नये म्हणून आधी जास्त घाबरायचं?"

"स्वल्प, थोडंसंच," त्या इथल्या कानडीत म्हणाल्या आणि चिठ्ठी पुढे सरकवली.

*

खोक्यातला माहितीचा कागद मी टेस्टरच्या नजरेने वाचला आणि साइड इफेक्ट्सची एक्सेल शीट केली. मळमळ: होतेय. तोंड कोरडं: होय. हात थरथरणे: होय, दोन्ही. केदारने शीट खालपर्यंत पाहिली.

"बाप रे, सतरा? गोळी कधी घेतलीस?"

"आज जेवण झाल्यावर घेणार आहे."

*

दुसऱ्या आठवड्यात खरा साइड इफेक्ट आला: जांभया. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, होतं असं, कमी होईल. पण सोमवारची मीटिंग त्याआधी आली. मॅनेजर स्लाइड दाखवतायत आणि मी एकामागून एक जांभया देतेय. माझं बघून केदारला आली, मग अख्ख्या रांगेला. मॅनेजरनी शांतपणे लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, "यापुढे हे सगळं मेलवर पाठवतो."

बाहेर पडताना केदार माझ्या कानाशी आला. "डोस वाढवता येतो का, विचार ना."

*

पाचव्या आठवड्यात सलग चार दिवस बरे गेले. मी टेबलावर जाहीर केलं, "झाले मी बरी. उद्यापासून गोळी बंद."

अक्कांनी चमचा खाली ठेवला. "लिफ्ट चालतेय म्हणून मेंटेनन्सवाल्याला येऊ नको सांगते काय मी? डॉक्टरला विचार, मग बोल."

विचारलं. डॉक्टरही तेच म्हणाल्या. गोळी काही महिने चालणार, आणि बंद करायची तेव्हा त्यांना विचारून, हळूहळू. फक्त लिफ्टचा विषय त्यांनी काढला नाही.

*

सहाव्या आठवड्यात, एका मंगळवारी ऑटोवाल्याने ऐनवेळी राइड कॅन्सल केली. साडेनऊला डेमो होता. शेवटी मेट्रोत चढले. बसायला जागा मिळाली. पर्स घट्ट धरली आणि आता होईल, मग होईल, अशी वाट बघत बसले.

पावणेदहाला केदारचा फोन.

"कुठेयस? मेट्रोत? काय होतंय तुला? श्वास घे. हळू घे. अक्का, जरा इकडे या!"

"अरे, झोप लागली मला. एचएसआर कधीच मागे गेलं. शेवटच्या स्टेशनवर सिक्युरिटीच्या बाईंनी उठवलं."

पलीकडे अक्कांनी फोन ओढून घेतला. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा जड होता.

"अय्यो, उठवलं कशाला तिनं? स्वल्प झोपू द्यायचं की."