मूगवाले बाबा

गोपीनाथ मुळमुळे यांना घाईत असलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले, तेव्हापासून हे घराणं फायलींच्या चालीने चालत आलेलं. गोपीनाथरावांनी शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरात उभी नोकरी काढली, बडे बाबू म्हणून रिटायर झाले आणि शाहपुऱ्यात तळ्याच्या अगदी जवळ फ्लॅट घेतला. तळं जवळ आहे म्हणजे रोज त्याला फेरी मारावी लागणार, हे मात्र घर घेताना त्यांच्या ध्यानात आलं नाही.

ते ध्यानात आणून दिलं मनोरमाबाईंनी. डॉक्टर म्हणाले, साखर दारात उभी आहे, अजून आत आलेली नाही. मनोरमाबाईंनी दार लावून घेतलं. भात गेला, बटाटा गेला, आणि त्यांच्या जागी आला स्टीलचा एक डबा. त्यात मोड आलेले कच्चे मूग. तळ्याची फेरी संपली की बाकावर बसून नीट चावून खायचे, असा हुकूम.

गोपीनाथरावांनी एकदाच ते मूग खाल्ले. आपण बैल असल्यासारखं त्यांना वाटलं. तळ्याकाठच्या गाडीवर गरम पोहे आणि जलेबी मिळत असताना माणसाने बैल का व्हावं, हे त्यांना पटेना. तेव्हा फेरी अर्धी मारायची, मूग बदकांना टाकायचे, पोहा-जलेबी खायची, तोंड पुसायचं आणि रिकामा डबा वाजवत घरी जायचं, असा त्यांनी बंदोबस्त केला. पुढे पुढे बदकंही त्यांना पाहून पाण्यात आत जाऊ लागली.

एके सकाळी ते असेच डबा उघडून बदकांची मनधरणी करत होते, तेव्हा मागून आवाज आला.

"बाबाजी, ये हमें दे दो."

पाच-सहा वर्षांची मुलगी होती. समोर मोठी इमारत उठत होती, तिथल्या मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांतली. कडेवर भाऊ होता, जवळजवळ तिच्याच वजनाचा. गोपीनाथरावांना मनातून आनंदच झाला. बला टळली. त्यांनी अख्खा डबा तिच्या ओंजळीत पालथा केला आणि मोकळ्या मनाने गाडीवर जाऊन पोहे मागवले.

खाता खाता त्यांनी सहज वळून पाहिलं. पोरगी खाली बसली होती. मूग तोंडात घालून चावत होती, पण गिळत नव्हती. चावून बारीक झालेला घास बोटाने काढून भावाच्या तोंडात घालत होती. त्याला दाढा आल्या नव्हत्या. तो संपेपर्यंत तिने स्वतःसाठी एक दाणा गिळला नाही, आणि मग उरले ते चार दाणे खाऊन तळहात चाटला.

यानंतर पोहे त्यांच्या घशाखाली उतरले नाहीत, असं सांगायला बरं वाटलं असतं. पण ते उतरले. जलेबी मात्र त्यांनी कागदात बांधून घेतली आणि त्या पोरीला नेऊन दिली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी जलेबी दुसऱ्याला दिली होती. मुलीचं नाव बिट्टी.

त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी मनोरमाबाईंना सांगितलं की मूग फार गुणकारी आहेत, उद्यापासून जास्त द्या, आणि जरा शिजवून, मऊ करून द्या. मनोरमाबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवरा सुधारल्याचं त्या पहिल्यांदा पाहत होत्या. त्यांनी ही वार्ता भजनी मंडळात सांगितली. शेजारच्या सुलभाताईंनी कौतुकाने मटकी पाठवली. डबा जाऊन बरणी आली. तळ्याकाठी आता बिट्टीबरोबर आणखी पोरं येऊ लागली आणि गोपीनाथरावांना लांबूनच 'मूगवाले बाबा' म्हणून हाका मारू लागली. फिरायला येणारे त्यांचे मित्र दिलीप डोईफोडे यांना वाटलं, बडे बाबू निवडणुकीला उभे राहणार.

घात केला वजनकाट्याने. इतके मूग खाऊन नवऱ्याचं वजन वाढलं कसं, हे मनोरमाबाईंना कळेना. दुसऱ्या दिवशी मुलाचे, ओंकारचे, बूट साडीखाली चढवून त्या मागोमाग निघाल्या. गोपीनाथराव त्यांना पोह्याच्या गाडीवर सापडले, दुसरी प्लेट हातात आणि मिशीला शेव. त्यांनी काही म्हणायच्या आत मनोरमाबाईंनी प्लेट काढून घेतली. आता जे ऐकायला मिळणार ते साऱ्या शाहपुऱ्याला ऐकू जाणार, या तयारीने गोपीनाथरावांनी डोळे मिटले. पण काहीच ऐकू येईना. डोळे उघडले तर पोरं बरणीभोवती बसली होती, आणि मनोरमाबाई त्यांच्याकडे पाहत उभ्या होत्या.

त्या बिट्टीजवळ खाली बसल्या. सकाळपासून काय खाल्लंस, असं त्यांनी विचारलं.

"कल की रोटी थी," बिट्टी म्हणाली. "भैया को दे दी."

मनोरमाबाईंनी हातातली प्लेट तिच्यापुढे ठेवली. मग नवऱ्याकडे वळून, पोह्यांबद्दल घरी बोलू, एवढंच म्हणाल्या.

पोह्यांबद्दल त्या घरी खरंच बोलल्या, आणि पुष्कळ बोलल्या. पण संध्याकाळी भजनी मंडळाची बैठकही बसली. रोज एकीने रांधायचं ठरलं. मंडळात नागपूरच्या होत्या तशाच पुण्याहून बदलीवर आलेल्याही होत्या, त्यामुळे भजन बाजूला राहून वरणात गूळ घालायचा की नाही यावर तुंबळ झालं. शेवटी प्रत्येकीने आपापल्या मनासारखं करायचं ठरवलं. सोमवारी मनोरमाबाईंची वऱ्हाडी आमटी खाऊन पोरं तळ्याकडे पाणी प्यायला धावली. मंगळवारी सुलभाताईंनी हौसेने तूप ओतून पुरणपोळ्या केल्या. गुरुवारी बिट्टीची आई दारात उभी.

तिचं नाव रामकली. छतरपूरकडची, डोक्यावर घमेली वाहून मान ताठ झालेली. पोरांचं पोट बिघडलं, त्यामुळे कालचा दिवस कामावर जाता आलं नाही, असं तिने सरळ सांगितलं. आणि पुढे म्हणाली, "अम्मा, हम भीख नहीं माँगते. कमाते हैं."

मनोरमाबाईंना कुणी असं बोललं की घरात भांडी वाजत. आज त्यांनी तिला आत बोलावून चहा केला, पुरणपोळीबद्दल माफी मागितली, आणि मग विचारलं की कमावता ना, मग पोरं उपाशी का. हळूहळू सगळं निघालं. आई-बाप दोघं उजाडताच कामावर चढायचे ते दिवस कलताना उतरायचे. रोट्या करून ठेवल्या तरी ऊन चढेपर्यंत संपायच्या. गावी असताना बिट्टी अंगणवाडीत जेवायची. इथेही अंगणवाडी होती म्हणे, पण मोठ्या रस्त्यापलीकडे. तो रस्ता एवढ्याशा पोरांना ओलांडता येत नव्हता, आणि काम सोडून त्यांना पोचवायला जायची सोय नव्हती.

मनोरमाबाई त्याच दुपारी रस्ता ओलांडून गेल्या. अंगणवाडीच्या दीदी वासंती मालवीय म्हणाल्या की नावं घालायला त्या कधीही तयार आहेत, रोज गरम नाश्ता असतो, जेवण असतं, छोट्यांसाठी घरी न्यायला कोरडा खाऊही मिळतो. त्या स्वतः दोनदा वस्तीवर जाऊन आल्या होत्या. प्रश्न एकच, पोरांना रोज आणणार कोण?

परत येताना मनोरमाबाई तळ्याकाठी थांबल्या. बाकांवर शाहपुऱ्याचं पेन्शनर मंडळ बसलं होतं, गोपीनाथरावांसकट. पांढरे बूट, कानटोप्या, हातात काठ्या. डॉक्टरांनी सगळ्यांना चालायला सांगितलेलं आणि सगळे बसलेले.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्हाला चालायचंच आहे ना? मग उद्यापासून रस्ता ओलांडा."

दुसऱ्या दिवशी जी मिरवणूक निघाली, ती शाहपुऱ्याने कधी पाहिली नव्हती. पुढे डोईफोडे शिट्टी वाजवत, मधे पोरं, प्रत्येक दोन पोरांमागे एक पोट सुटलेला पेन्शनर, आणि शेवटी बिट्टीच्या भावाला खांद्यावर घेतलेले गोपीनाथराव. जन्मभर ज्यांनी फाइल पुढे सरकवली नाही त्यांनी दोन्ही हात पसरून एक बस, चार रिक्षा आणि एका साहेबाची गाडी अडवली. साहेबाने काच खाली करून काय प्रकार आहे विचारलं, तर गोपीनाथरावांनी सवयीने सांगितलं की उद्या या. पलीकडे पोचल्यावर धापा पोरांना नव्हे, पेन्शनरांना लागल्या. वासंतीदीदींनी आधी त्यांनाच पाणी दिलं.

पहिल्या आठवड्यात दोघांचे गुडघे दुखले आणि एकाने रजा टाकली. पण पोरंच इतकी कडक निघाली की उशिरा येणाऱ्याच्या खिडकीखाली उभी राहून हाका मारायची. रविवारी अंगणवाडी बंद असे, तेव्हा भजनी मंडळ रांधू लागलं. आता साधी खिचडी, आणि सुटीची रामकली स्वतः चूल पेटवायला असायची, कारण फुकटचं तिला चालत नव्हतं. बिट्टीचे गाल वर आले. भावाला दाढा आल्या, आणि पहिला चावा त्याने डोईफोड्यांच्या बोटाला घेतला. मुळमुळ्यांची साखर दारातून निघून गेली.

इमारत पुरी झाल्यावर रामकलीच्या ठेकेदाराने माणसं भोपाळच्या टोकाला, मिसरोदला हलवली. बिट्टी जाताना रडली नाही, गोपीनाथरावांनीच चष्मा पुसायला फार वेळ घेतला. दोन दिवस ते फेरीला जाऊन नुसते बसून आले. तिसऱ्या दिवशी मनोरमाबाईंनी पिशवी उचलली आणि म्हणाल्या, चला, मिसरोदला बस जाते.

नव्या वस्तीजवळची अंगणवाडी मनोरमाबाईंनी तासाभरात शोधली. तीही होती हमरस्त्यापलीकडेच. गोपीनाथराव पेन्शनर शोधायला निघाले. बागेत त्यांना हास्य क्लब सापडला. गोल करून, हात वर करून म्हातारी मंडळी जोरजोरात हसत होती. क्लबचे प्रमुख जितेंद्र चौकसे यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले.

"हमारा तो हास्य क्लब है, मुळमुळे जी. हम चलते नहीं."

"तो चलते-चलते हँसिए," गोपीनाथराव म्हणाले.

सोमवारी मिसरोदच्या हमरस्त्यावर गाड्या आपोआप थांबल्या. पंधरा-वीस म्हातारी माणसं पोरांचे हात धरून, आकाशाकडे तोंडं करून हसत रस्ता ओलांडत होती. गोपीनाथराव खास शाहपुऱ्याहून आले होते. बिट्टीने त्यांची बाही ओढली आणि हळूच विचारलं की या सगळ्यांना झालंय तरी काय.

ते गोपीनाथरावांनाही नीट ठाऊक नव्हतं. "चल, दलिया ठंडा हो जाएगा," ते म्हणाले, आणि एका ट्रकला हात दाखवून पुढे निघाले.