लाईट आल्यानंतरची दहा मिनिटं

"बाबा एकटे असताना घरातला कॅमेरा तीन वेळा बंद सापडला, तर मी गाडी घेऊन येईन आणि त्यांना पुण्याला घेऊन जाईन." थोरल्या भावाने ही अट फोनवर घातली आणि नंतर मेसेज करून पक्की केली. बाबांना विचारलं नव्हतं. दोन आठवड्यांपूर्वी त्यांना न्हाणीघरात चक्कर आली होती आणि मी तेव्हा ठाण्यात, वर्तमानपत्राच्या कचेरीत, दुसऱ्यांच्या बातम्या तपासत होते. त्यामुळे अट नाकारायला माझ्याकडे तेव्हा मुद्दा नव्हता.

कॅमेरा म्हणजे घरातल्या जुन्या संगणकावर बसवलेला, लिंबाएवढा. दर पाच मिनिटांनी तो बाहेरच्या खोलीचं एक चित्र भावाच्या आणि माझ्या फोनवर पाठवायचा. चित्रात खुर्ची, खुर्चीत बाबा. पण आमचं घर भिवंडीत, जिथे लाईट सारखी जाते; तिथे हे किती वेळ चालणार, हे वेगळं सांगायला नको. तिसऱ्याच दिवशी लाईट गेली. तासाभराने आली. पंखा फिरू लागला, फ्रिज सुरू झाला, संगणक मात्र कुणीतरी बटण दाबेपर्यंत काळाच राहिला. कुणीतरी म्हणजे बाबा, आणि बाबांनी त्या बटणाला कधी हात लावला नव्हता.

"एक," भावाने लिहिलं.

संगणक दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराने मान वर न करता उपाय सांगितला. "मॅडम, चालू करते टाइम डिलीट दबाते रहो. पॉवर का एक ऑप्शन है. लाईट जाने के बाद क्या करना है, वो उसमें लिखा रहता है. आपका 'बंद रहो' पे होगा. 'चालू हो जाओ' पे डाल दो."

"बस?"

"बस. मशीन तो पहले से समझदार है, उसको किसी ने बोला नहीं."

सकाळी कचेरीला निघण्याआधी मी ते केलं. निळ्या पडद्यावर तो पर्याय सापडायला वीस मिनिटं लागली. नंतर संगणक पासवर्ड न विचारता उघडेल आणि कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम आपोआप चालू होईल, हेही जमवलं. प्रोग्रॅम जागा झाला की आधी 'सुरू' असा मेसेज पाठवायचा, मग चित्रं. आमच्या बोर्डावर खाली म्हणजे बंद, वर म्हणजे चालू. मी संगणकाचा स्विच खाली केला, दहा आकडे मोजले, पुन्हा वर केला. संगणक स्वतःहून घरघरला. फोनवर 'सुरू' आलं.

बाबा खुर्चीतून बघत होते. "कुणी हात न लावता चालू झाला?"

"हो. आता लाईट गेली तरी काळजी नाही."

त्यांनी संगणकाकडे पाहिलं, मग बोर्डाकडे.

दोन दिवसांनी, दुपारी, चित्रं थांबली. पाऊण तासाने शेजारच्या काकूंना फोन केला. लाईट केव्हाच आली होती. बाबा ठीक होते, चहा पीत होते. संगणक बंद.

"दोन," भावाने लिहिलं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा बोर्डावरचे सगळे स्विच खाली होते. फक्त पंखा आणि फ्रिज चालू.

"तुम्ही बंद केलात?"

"लाईट गेली की बंद करायचं असतं," बाबा म्हणाले. "परत आल्यावर ती येते, जाते, येते. दहा मिनिटं थांबायचं. बल्ब फडफडायचा थांबला की मग वर करायचं."

"मग केलं का नाही वर?"

"ते स्वतःच सुरू होतं. मला न्हाय आवडत."

त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला. तर्जनी आणि मधल्या बोटाची शेवटची पेरं त्या हाताला नाहीत. लहानपणापासून पाहिलेला हात. त्यामागची हकीगत मला एका ओळीत माहीत होती. त्या संध्याकाळी ती पूर्ण कळली. ते लूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेला यंत्रमाग दुरुस्त करणारे. लाईट गेली होती. तुटलेला धागा काढायला त्यांनी हात आत घातला. लूम बंद ठेवणारं हँडल पाडायचं राहिलं होतं. लाईट आली.

"त्या दिवसानंतर माझ्या हाताखालच्या खात्यात कुठलं मशीन आपल्या मर्जीनं सुरू झालं न्हाय," ते म्हणाले. "सगळ्या कारागिरांना आधी तेच शिकवलं. लाईट गेली, हँडल पाड. आणि आता माझ्याच घरात?"

या गावात निम्म्या घरांत लाईट गेली की कुणीतरी उठून स्विच पाडतं. मी हे रोज पाहत होते. संगणक नीट लावताना तेवढंच विचारात घेतलं नव्हतं.

"आणि तो डोळा," त्यांनी कॅमेऱ्याकडे हनुवटी केली. "मी काय पूर्णा गावच्या गोडाऊनमधला माल हाय, राखण ठेवायला?"

बोलणी जेवणानंतरही चालली. शेवटी ठरलं ते असं: स्विच पाडायचा त्यांनीच. दहा मिनिटंही त्यांचीच. पण नंतर तो वर करायचाच, आणि पुढचं संगणकावर सोडायचं. बदल्यात कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे. त्यांनी ते स्वतः वळवलं. चित्रात आता कॅलेंडर दिसू लागलं.

भावाचा फोन लगेच आला. "हे काय? भिंत दिसतेय."

"हो."

"मी हा तिसरा धरतो. शुक्रवारी येतोय."

"ये. जेवायलाच ये."

शुक्रवारी लूमना सुट्टी असते, त्यामुळे विजेची दुरुस्तीही बहुतेक शुक्रवारीच निघते. मीही रजा घेतली होती. भाऊ पोहोचला, बाबांची बॅग कुठे आहे विचारलं, आणि ताटं वाढेपर्यंत लाईट गेली. बाबा उठले, बोर्डाचे स्विच एकेक पाडले, परत येऊन भाकरी मोडली.

"बाबा, पुण्यात लाईट जात नाही," भाऊ म्हणाला.

"मग तिथं मी दिवसभर करू काय?"

लाईट आली तेव्हा भाऊच बोर्डाजवळ होता. सवयीने त्याने हात पुढे केला. बाबांनी त्याचं मनगट धरलं. तीन धड आणि दोन अर्ध्या बोटांनी.

"थांब."

बल्ब फडफडला, विझला, पुन्हा लागला. पंचेचाळीस वर्षांचा माझा भाऊ भिंतीजवळ उभा राहिला आणि थांबला. बाबा बल्बकडे बघत होते, घड्याळाकडे नाही. मी घड्याळ पाहिलं. दहा मिनिटांना थोडं कमी असताना त्यांनी मनगट सोडलं आणि स्विच वर केला. संगणक घरघरला. दोन फोन एकाच वेळी वाजले. 'सुरू.' मग कॅलेंडर.

"चित्रात काय आहे ते सोड," मी भावाला म्हटलं. "हा मेसेज आला म्हणजे एक माणूस उठला, दहा मिनिटं थांबला, आणि त्याने हात वर नेला. खुर्चीत बसलेला माणूस दिसला असता, तर एवढं कळलं असतं का?"

"आणि लाईट गेलीच नाही तर?"

"भिवंडीत?" बाबा म्हणाले.

भाऊ हसला नाही. पण बॅगेचं पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळी तो एकटाच निघाला. जाताना त्याने कॅमेऱ्याला हात लावला, सरळ करायला असेल, आणि बाबांकडे पाहून तो तसाच सोडला.

अट मागे घेतल्याचं त्याने अजून लिहिलेलं नाही. कॅमेरा भिंतीकडेच आहे. काल दुपारी दोन वाजून सहा मिनिटांनी कॅलेंडर दिसायचं थांबलं. समोर तपासायला बातमी होती. ती मी तशीच ठेवली आणि फोनकडे बघत राहिले. दोन वाजून एक्कावन्न मिनिटांनी मेसेज आला. 'सुरू.' मी बातमीकडे वळले.