मैथिलीला बघायला नाही, ऐकायला आलेल्या बाई

गेल्या महिन्यात एका रविवारी साखरखेर्ड्यात आमच्या दारासमोर जालन्याची टॅक्सी थांबली आणि गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. लोकांना वाटलं, सरांच्या मैथिलीला बघायला पाहुणे आले. भीती मला वाटत होती खरी... पण ती लग्नाची नव्हती.

उतरल्या त्या लोबो मॅडम. मुंबईच्या, साठीतल्या, मैथिलीच्या गाण्याच्या बाई. माझ्या या मुलीला पुण्यात कॉलेजला असताना ऑपेराचं वेड लागलं आणि ती बाईंकडे शिकायला जाऊ लागली. ऑपेरा म्हणजे नाटकच, पण सगळं गाऊन म्हणायचं, तेही इटालियनमध्ये आणि माइकशिवाय. माइक नाही म्हटल्यावर मंडळींच्या परिस्थितीबद्दल मला तेव्हाच शंका आली होती.

आता मुंबईत बाई बसवत असलेल्या ऑपेरात तिला पहिलं काम मिळालं होतं. तालमी संपेपर्यंत राहणं-जेवणं बाईंच्याच घरी... फुकट. इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. भाजीवालीने वरून थोडी कोथिंबीर टाकली तरी ती उलटीपालटी करून बघणारा माणूस मी. त्यात आयुष्य शाळामास्तरकीत गेलं, थापा ऐकण्यातच.

मग स्थळ आलं की आपण करतो तेच केलं. चौकशी. माझ्या साडूच्या ओळखीचे एक गृहस्थ बाईंच्या गल्लीत राहतात. त्यांनी किराणा दुकानात विचारलं, बिल्डिंगच्या वॉचमनला विचारलं आणि कळवलं, की बाई सज्जन आहेत, कुणाशी भांडण नाही, पण दुपारी घरातून तरुण मुलींच्या किंचाळण्याचे आवाज येतात.

अहो बाबा, ते गाणं असतं, असं म्हणून मैथिली पोट धरून हसली. मी हसलो नाही. बाईंना निरोप धाडला, की एकदा आमचं घर बघून जा, मग पोरीला पाठवायचं ठरवू. वाटलं, टाळतील. त्या लगेच हो म्हणाल्या, तर मला जास्तच संशय... एका विद्यार्थिनीसाठी एवढ्या लांब कोण येतं?

पोहे झाले, चहा झाला. बाईंनी मैथिलीला उभं केलं. खांदे बघितले, तोंड उघडायला लावून आत डोकावल्या, पाठीवर हात ठेवून श्वास घ्यायला सांगितला. जुन्या काळी बघायला आलेले पाहुणे मुलीला चालून दाखव म्हणायचे, तसलाच प्रकार. माझं डोकं तापायला लागलं.

पण मीही सापळा लावून ठेवला होता. आदल्या दिवशीच मैथिलीला बजावलं होतं, की बाईंसमोर सगळ्यात अवघड, नायिकेचं गाणं म्हणायचं. घर दणाणलं पाहिजे. बाई लबाड असतील तर वाहवा करतील, उद्याच नायिका करतो म्हणतील... की पकडल्या!

मैथिली गायला लागली. काय सांगू... मी तिला तसं कधी ऐकलंच नव्हतं. मांडणीवरचे पेले किणकिणले. ही माझी पोरगी आहे, या विचाराने ऊर भरून आला आणि घडीभर मी संशयच विसरलो.

तेवढ्यात बाईंनी हात वर केला. "थांब. हे मी तुला दिलं नव्हतं. कुणी सांगितलं गायला?"

मैथिली खाली मान घालून उभी. पोरगी काही केल्या बापाचं नाव घेईना. शेवटी मीच म्हणालो, की मी सांगितलं.

बाई माझ्याकडे वळल्या. आवाज अजिबात चढवला नाही. "सर, हा गळा अजून कोवळा आहे. आत्ता असा ताणला तर तिशीत संपेल. नायिका व्हायला तिला बरीच वर्षं आहेत. सध्या मी तिला मोलकरणीचं छोटं काम दिलंय, तेवढंच ती गाईल. तुम्हाला हे पटत नसेल, तर मी तिला नेणार नाही."

माझ्या घरात बसून मला असं कुणी सुनावलं नव्हतं. मुलगी मागायला आलेला माणूस बापाशी गोडच बोलतो आणि फसवायला आलेला त्याहून गोड. या बाई तर चक्क नाही म्हणत होत्या. त्याला काय करायचं, ते माझ्या हिशोबात नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली, "जी बाई पोरीच्या गळ्यासाठी बापाले रागावते, तिच्याजवळ पोरगी ठेवाले मले भेव नाही."

मी मैथिलीकडे पाहिलं. तिचा हात गळ्याशी होता.

"दुखते का?"

"थोडंसं."

"मंग या गाण्यानं गळा दुखते, हे काल काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं, बाबा. तुम्हाले वाटलं, मी बहाना करून राह्यली."

खरंच सांगितलं होतं तिने. वॉचमनपर्यंत चौकशी करणाऱ्या मला घरातल्या पोरीचं खरं वाटलं नव्हतं... फार लागलं ते. बाईंना जेवायला थांबवून घेतलं आणि पोरीची तयारी करायला सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात जालन्याहून तिला गाडीत बसवून दिलं. गावात आता बातमी आहे, की सरांची पोरगी मुंबईला मोलकरणीचं काम करायला गेली. मी कुणाला समजावत बसत नाही. आणि खोटं कशाला बोलू, वॉचमनकडे अजून अधूनमधून विचारपूस करवतोच. स्वभावाला औषध नाही.

रोज तालीम संपली की तिचा फोन येतो. गळ्याला आराम म्हणून ती अगदी हळू बोलते, तशी बाईंची ताकीद आहे. पूर्वी फोनवर कुणी हळू बोललं तर मी लगेच ओरडायचो, की मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही.

आता उठून पंखा बंद करतो आणि फोन कानाला घट्ट धरतो.