पेंढ्यातला नाताळ

बा गेल्याची बातमी घेऊन वाडीचा मुकादम सायकलवरून झरीला आला, तेव्हा मी नाताळसाठी अंगण सारवत होते. "मार्टिन पडला गो," एवढंच तो म्हणाला. मला वाटलं, झाडावरून. पण बा घोलवडला चिकूच्या करंड्या भरता भरता छातीत कळ येऊन बसल्या जागी गेला होता... सण तोंडावर आलेला, आणि असं कुणी जातं का हो? अजून राग येतो मला त्याचा.

बा वाडीवरच राहायचा, रविवारी घरी यायचा. डागाचा, वाकडा, मुंबईच्या गाडीत न चालणारा माल वाडीचे शेठ त्याला द्यायचे. नाताळआधीच्या रविवारी बा त्यातले कडक चिकू गाठोड्यात बांधून आणायचा आणि माळ्यावरच्या जुन्या, रिकाम्या कणगीत पेंढ्याखाली दडवायचा. आई करवादायची, "लोक सणाला मिठाई आणतात, तू दगड आण!" बा हसायचा. "येशूबाळ पेंढ्यातच निजला होता ना? मग चिकूला काय धाड भरलीय?" आणि आम्हा बहिणींना दम द्यायचा, "मी उघड म्हणेपर्यंत हात लावायचा नाही."

धाकट्या रोझीने एकदा लावलाच. कच्चा चिकू चावली आणि चिकाने ओठ असे चिकटले की बाईसाहेबांना खोटंसुद्धा बोलता येईना! बाने खोबरेल लावून ओठ सोडवले, पोट धरधरून हसला आणि तिच्याकडून वचन घेतलं. पुन्हा तिने कणगीकडे वाकडी नजर केली नाही.

नाताळच्या सकाळी तळासरीच्या देवळातून मिस्सेची प्रार्थना ऐकून आलो, की बा चिमणी घेऊन माळ्यावर चढायचा. तिथे दिवसाही अंधार. आम्ही त्याच्यामागे. "उघड गो!" म्हणाला की रोझी झाकण काढायची आणि घरभर गोड वास सुटायचा. नवे कपडे नसायचे, काही वर्षी घरात भातही बेताचा, पण त्या घटकेला आमच्यासारखे श्रीमंत आम्हीच. महाराष्ट्र झाला त्या साली मी परीक्षेत नापास झाले, तेव्हाही बा एवढंच म्हणाला, "रडतेस कशाला? थांब जरा, पिकतंय." पुढे मी उधव्याला मास्तरीण झाले, त्याचं कौतुक माझ्यापेक्षा त्यालाच जास्त.

या वेळी आईने सांगून टाकलं, नाताळ नाही. दारात तारा लावला नाही, चूल जेमतेम पेटली. पाद्रीबाबा समजवायला आले, तर मी त्यांनाच चार शब्द ऐकवले. नाताळ आणणाराच गेला, आता कुठला नाताळ?

परवा माळ्यावरून आंबूस वास आला. आई वर चढली आणि तिथूनच तिने हंबरडा फोडला. कणगीत पेंढ्याखाली चिकू होते. सगळे सडून काळे पडलेले, मुंग्या लागलेल्या... शेवटच्या रविवारी मी उधव्याला होते, आई बाजाराला. घरात एकटी रोझी होती. म्हणजे बा नाताळ ठेवून गेला होता, आणि आम्ही खाली बसून रडत होतो.

आईने पेंढा तसाच राहू दिला. खाली येऊन तिने रोझीला जवळ ओढलं. "तुला ठाऊक होतं ना गो? मग बोलली का नाहीस?"

रोझी खाली मान घालून म्हणाली, "बाने उघड म्हटलंच नाही."