पान नऊच्या आधी

त्या दिवशी साडेचारला मी नेहमीसारखा कलकत्त्याच्या बागबाजारातला तो जिना चढून वर गेलो. एका खिशात चष्मा, दुसऱ्या खिशात रुमालात बांधलेली सोन्याची लगड. कुमुदबाईंचं दार सताड उघडं होतं आणि बाहेर चपलाच चपला. एकट्या राहणाऱ्या बाई. त्यांच्या दारात एवढ्या चपला मी चार वर्षांत कधी बघितल्या नव्हत्या... कुणी सांगायच्या आधीच मला कळलं. त्यांची भाची नंदा पुढं आली, "काका, दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत." आत माझ्या खुर्चीवर दुसरंच कुणी बसलं होतं. आयुष्यात मी माझी जागा कुणाला सोडलेली नाही, पण त्या दिवशी खाली फरशीवर बसलो. बऱ्याच वेळानं गंगेच्या काठानं जाणारी सर्क्युलर लाइनची गाडी गेली. तोवर मी तोंडातून एक शब्द काढला नाही. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला धक्का बसलाय. धक्का होताच, पण गप्प बसणं ही आमची रीत होती.

मी गलाईवाला. सोनं आटवून शुद्ध करायचं, सोनारांच्या दुकानातला केर धुऊन त्यातलं सोनं काढायचं, हा आमचा पिढीजात धंदा. सांगली जिल्ह्यातल्या गावात चौथीपर्यंत शाळा केली आणि चुलत्याबरोबर कलकत्त्याला आलो, तो इथलाच झालो. पुस्तकाशी माझा कधी संबंध आला नाही आणि त्याची मला लाजही वाटली नाही. माझ्या घरात वाचायची ती शालन, माझी बायको. गावाकडची पत्रं तीच वाचायची, औषधाच्या बाटलीवरचं तीच वाचायची. ती गेली आणि मी कामाला जाणं सोडलं. मुलाशी भांडलो, शेजाऱ्याशी भांडलो, भांडायला कुणी उरलं नाही तेव्हा भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो. रडू मात्र आलं नाही. का आलं नाही, ते मला ठाऊक होतं. सांगणार कुणाला?

आठ महिन्यांनी मुलानं ओढूनच मंडळाच्या गणपतीला नेलं. तिथं कोपऱ्यात बसलो होतो. एक उंच, शिडशिडीत बाई काठी आपटत आल्या आणि भर सभेत म्हणाल्या, "इथं मराठी पुस्तक वाचता येणारं कुणी आहे का? माझ्या डोळ्यांच्या मधोमध अंधार झालाय. कडेचं दिसतं, अक्षर दिसत नाही." कलकत्त्यातच जन्मलेल्या, जन्मभर बंगाली शाळेत भूगोल शिकवलेल्या. सगळा बागबाजार त्यांना दीदीमणी, म्हणजे शाळेतल्या बाई, म्हणे. इथं वाढलेली आपली मुलं एकमेकांकडं बघायला लागली. पुण्याहून नोकरीला आलेला एक पोरगा म्हणाला, "आजी, हल्ली फोनवर ऐकता येतं." बाई म्हणाल्या, "फोनला मधेच थांबवून विचारता येतं का रे, तुला काय वाटलं म्हणून?" सगळे हसले. आणि मी, ज्यानं पन्नास वर्षांत पुस्तक हातात धरलं नव्हतं, उभा राहिलो. "मला येतं वाचता." कुणाला येत नाही म्हटल्यावर आपल्याला येतं असं सांगायची माझी खोड जुनी आहे.

दुसऱ्या दिवशी खोटं उघडं पडलं. जोडाक्षर आलं की बैल ओढ्याशी थांबतो तसा मी थांबायचो. एक पान वाचायला अर्धा तास लागला, घामानं सदरा भिजला. मी पुस्तक मिटून म्हटलं, "बाई, दुसरं कुणी बघा." त्या म्हणाल्या, "जाधव, मी जन्मभर भराभर वाचलं. आज पहिल्यांदा एकेक शब्द ऐकू आला. उद्या साडेचारला या." मला वाटलं, चिडवताहेत. चेहऱ्याकडं बघितलं. चिडवत नव्हत्या... एवढं शिकलेलं माणूस, भिंतभर पुस्तकं, आणि माझ्यासमोर पहिलीतल्या मुलीसारखं हात मांडीवर ठेवून बसलेलं. तेव्हा मला जे वाटलं त्याला शब्द नाही. देवळातही मला तसं कधी वाटलं नव्हतं.

पुस्तक जुनं होतं. कव्हर गेलेलं, पहिली आठ पानं गेलेली. लिहिलं कुणी, नाव काय, काही पत्ता नाही. एक माणूस घर सोडून नदीकाठच्या धर्मशाळेत जाऊन राहतो आणि येणारी-जाणारी माणसं, पाणी, पक्षी यांच्याबद्दल लिहितो, एवढंच. घर का सोडलं ते कुठंच सांगत नाही. पान नऊ अर्ध्या वाक्यानं सुरू व्हायचं, "म्हणून मी दार उघडंच ठेवून निघालो." बाईंचा नियम असा, रोज एकच पान. ते झालं की पुस्तक मिटायचं आणि गाडी जाईपर्यंत दोघांनी बोलायचं नाही. त्या गाडीचा काही नेम नसे. एकदा मी विचारलं, "गाडी रद्द असली तर?" त्या म्हणाल्या, "तर तुमचं तोंडही रद्द." गाडी गेली की बिनदुधाचा लाल चहा आणि एक प्रश्न. पुस्तक संपलं की म्हणायच्या, "आता पान नऊ." पहिल्यांदा मी उखडलो, "वाचलेलं परत कशाला?" "सोनाराचा केर एकदाच धुता का?" तीन-तीनदा धुतो आम्ही. तिसऱ्या पाण्यातही कण सापडतो.

रोजचा प्रश्न बहुधा एकच असायचा, "जाधव, त्या आठ पानांत काय असेल?" मी काहीही सांगायचो. कर्ज झालं असेल, भावानं फसवलं असेल. त्या मान हलवायच्या, बरोबर म्हणायच्या नाहीत, चूकही म्हणायच्या नाहीत. दुसऱ्या वाचनाच्या वेळी, एका दुपारी, माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यानं बायकोचे दागिने आटवले असतील."

मग मी सगळं सांगितलं. शालनचा तेरावा झाला आणि घरात कुजबुज सुरू झाली, पाटल्या कुणी घ्यायच्या, कर्णफुलं कुणी. माझं डोकं फिरलं. सगळं उचललं, मंगळसूत्राच्या वाट्यासुद्धा, आणि भट्टीवर जाऊन मुशीत टाकलं. जन्मभर दुसऱ्यांचे दागिने आटवताना कधी हात थांबला नाही, तेव्हाही थांबला नाही. सोनं पातळ झालं आणि मग कळलं... पाटल्या हातातून वर सरकवून ती भाकरी थापायची, त्या पाटल्या आता जगात कुठंच नव्हत्या. ज्या हातानं हे केलं त्याच हातानं डोळे कसे पुसायचे?

बाई म्हणाल्या, "पान नऊ काढा." मी काढलं. "म्हणून मी दार उघडंच ठेवून निघालो..." तेच अक्षर, तेच पान, कितीदा वाचलेलं. पुढं वाचताच येईना. माणसानं छापलेल्या एका ओळीत एवढं असतं आणि ते इतके दिवस माझ्यासमोर पडून होतं. मी रडलो. गाडी आली, गेली. पाठीवर हात नाही, समजूत नाही. बाई एवढंच म्हणाल्या, "उद्या ती लगड आणा."

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी बोटांनी सगळीकडून चाचपली. "यातली पाटली कुठली?"

"आता कसं सांगू, बाई?"

"आणि कर्णफूल?"

"नाही सांगता येणार."

"मग सगळीच शालन," म्हणाल्या, आणि उघड्या पुस्तकावर ठेवून दिली. "पंख्यानं पान उडतं. रोज घेऊन येत जा हिला." त्या दिवसापासून शालन आमच्याबरोबर वाचायला बसायला लागली. मुलगा हबकला, "बाबा, सोनं खिशात घालून हिंडता?" म्हटलं, हिंडत नाही, शिकायला जातो. नातीसाठी बांगडी करू म्हणाला, त्यालाही मी नाही म्हटलं.

तिसरं वाचन संपलं तेव्हा पुस्तकाची पानं सुटी झाली होती. बाईंनी ते गल्लीतल्या बाइंडरकडं दिलं. त्या आठवड्यात वाचायला काही नव्हतं, तरी मी जायचो, लगड टेबलावर ठेवायचो आणि आम्ही गाडी जाईपर्यंत नुसते बसायचो. त्यातल्याच एका दुपारी त्या गेल्या.

दहाव्याला नंदानं पुस्तक माझ्या हातात दिलं. "बाइंडरनं आणून दिलं, काका. मावशीनं तुमच्यासाठीच ठेवायला सांगितलं होतं." घरी येऊन उघडलं, तर पुढं चार कोरे कागद. मला राग आला. दुःखातही मला राग येतो, काय करणार. तसाच बाइंडरकडं गेलो, "ये फालतू कागज़ किसने डाला?" त्यानं सुई खाली ठेवली. "दादू, फालतू नहीं है. दीदीमणी ने खुद हाथ से गिन के दिया था. चार पन्ना, आठ पृष्ठ. बोली, शुरू का हिस्सा जाधवबाबू के पास है."

परत कसा आलो, आठवत नाही.

ते पुस्तक आता माझ्या टेबलावर आहे. बाईंचं घर नंदा सोडणार आहे, त्यांची बसायची खुर्ची मी मागून घेतली, तीही समोर ठेवली आहे. हा लेख मी साध्या वहीत लिहिला, सगळी खाडाखोड त्यातच, कोऱ्या पानांआधीचा सराव म्हणून. नातीनं ऱ्हस्व-दीर्घ बघितलं, वाक्यं मी बदलू दिली नाहीत. आता साडेचार वाजलेत. पंखा चालू आहे. पहिल्या कोऱ्या पानावर लगड ठेवली आहे आणि तिच्या शेजारी पेन. गाडी अजून गेलेली नाही. गाडी जाईपर्यंत बोलायचं नाही, असा नियम होता... लिहायचं नाही, असं बाई कधी म्हणाल्या नव्हत्या.