पोपटी गाडी पांढरी करताना

आमची पहिली चारचाकी पोपटी होती. आधीच्या मालकाची रोपवाटिका होती आणि गाडी झाडांत शोभून दिसावी म्हणून त्याने ती तशी रंगवून घेतली असावी. येरवड्यातल्या आमच्या ओळखीच्यांना मात्र ती कुठेही लांबूनच ओळखू यायची आणि पप्पांची खरी अडचण तीच होती.

पप्पा सरकारी नोकरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांना शुगर होती आणि जिलबीचं वेड त्याहून जुनं होतं. गोड बंद केलं नाही तर डोळे जातील, असं डॉक्टरांनी आईसमोर बजावलं होतं. तरी पप्पा महिन्यातून एकदा सदाशिव पेठेतल्या एका दुकानासमोर गाडी लावायचे आणि ते घरी पोचायच्या आत कुणाचा तरी फोन आलेला असायचा. "जय भीम, वहिनी. साहेबांची गाडी दिसली जिलबीवाल्यापाशी." मग आठवडाभर पप्पांच्या ताटात दोडका.

मी तेव्हा सॉफ्टवेअर कंपनीत होते. दोन हजार साल येणार म्हणून जुन्या प्रोग्रॅममधली दोन आकडी वर्षं चार आकडी करायचं काम दिवसभर चालायचं. त्यामुळे कुठलीही अडचण थोड्या वरवरच्या दुरुस्तीने सुटते, असा माझा ठाम समज झाला होता. गाडी पांढरी करू, हे मीच सुचवलं. शहरातल्या निम्म्या गाड्या पांढऱ्या, कोण ओळखणार? मला नोकरी लागली तेव्हाही पप्पांनी माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं नव्हतं.

पण माणूस सरकारी. त्यांनी आधी आरटीओत रंगबदलाचा अर्ज दिला, चार खेटे घातले, शिक्का मिळवला. बायकोला फसवायचं, तेही रीतसर.

आईला आम्ही सांगितलं की रंग उडालाय, पत्रा गंजेल. ती लगेच हो म्हणाली. हे आमच्या घरात नवीन होतं, पण आनंदाच्या भरात आम्ही त्याचा विचार केला नाही. वर तिने सूचना केली, "दारांच्या आतल्या कडा राहू द्या तशाच. दार लावल्यावर कोण बघतंय?" कष्ट वाचले म्हणून पप्पा खूश.

पार्किंगमध्ये दोन रविवार राबलो. ओल्या पॉलिश पेपरने पत्रा घासून माझी बोटं सोलवटली. काचांवर वर्तमानपत्रं चिकटवली, भाड्याने कॉम्प्रेसर आणला. पहिला फवारा मी मारला आणि बॉनेटवर ओघळच ओघळ. ते वाळवून, घासून पुन्हा सुरुवात. पप्पा नाकाला रुमाल बांधून नुसत्या सूचना देत होते. वरच्या मजल्यावरचे काका, आईला फोन करणाऱ्यांतले सगळ्यात नियमित, जिन्यात थांबून म्हणाले, "छान. फ्रिजला चाकं कधी लावली?"

नंतर तीन महिने फोन आला नाही. पप्पा जिलबी घेऊन गाडीत बसायचे. सीटवर पाक सांडला तर पकडले जाऊ, म्हणून दार सताड उघडून, पाय रस्त्यावर टेकवून, पुढे वाकून खायचे. मी सोबत असले की एक वेढा मला मिळायचा. माझ्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

चौथ्या महिन्यात फोन वाजला, तो मी उचलला. जिलबीला जागा व्हावी म्हणून पप्पांनी सकाळी शुगरची गोळी घेतली होती आणि जेवण टाळलं होतं. दुकानापुढे रांग होती. पुडी घेऊन गाडीत येईपर्यंत ते घामाने भिजले होते आणि पुडीचा दोराही त्यांना सोडवेना. रस्त्याने जाणाऱ्या काकांना उघड्या दाराच्या कडेला पोपटी पट्टी दिसली, म्हणून ते वळले. समोरच्या पीसीओवरून ते बोलत होते. आईने माझ्या हातून रिसीव्हर घेतला. घाम आलाय का, काही खाल्लंय का, एवढंच विचारलं. मग म्हणाली, "भाऊजी, आधी त्यांना जिलबी चारा. मग दवाखान्यात न्या."

शुगर एकदम उतरली होती, वेळेवर साखर पोटात गेली म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्याच्या बाकावर मी रडत रडत आईला सगळं सांगून टाकलं. मला स्वतःची मनापासून लाज वाटत होती. आईने पदराने माझं नाक पुसलं, मी पगारदार असूनही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "भाऊजी दर वेळी जिन्यात सांगायचे. महिन्यातून एकदा खातात तर खाऊ देत. पण कुणाचं तरी लक्ष नको? म्हणून तर कडा ठेवायला लावल्या."

पांढऱ्या रंगाचा अर्धा डबा उरला होता. बरे झाल्यावर एका सकाळी पप्पा डबा आणि ब्रश घेऊन दाराकडे निघाले. आता कडा रंगवणार, असं मला वाटलं. आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. पप्पांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि गॅलरीत जाऊन तिथलं रेलिंग रंगवायला घेतलं.